समुद्राची वाटणी : मेक्सिकोच्या आखातातील एक दीर्घ वाद

२०१७ साली जूनच्या तोंडावर अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील हौशी मच्छीमारांना सरकारी हुकुमाने असे कळविण्यात आले की, मेक्सिकोच्या आखाताच्या फेडरल हद्दीत रेड स्नॅपर धरण्यास त्यांना त्या वर्षी १ जूनपासून ३ जूनपर्यंत, म्हणजे अवघे तीन दिवस, मुभा राहील. त्याच पाण्यात, त्याच माशासाठी, भाडे घेऊन प्रवाशांना गळ टाकावयास नेणाऱ्या चार्टर नौकांना ४९ दिवसांचा हंगाम होता. आणि मासा विकून चरितार्थ चालविणाऱ्या व्यावसायिक मच्छीमाराला तर बाराही महिने समुद्र मोकळा होता. ज्याची स्वतःची नाव घराजवळच्या धक्क्याला बांधलेली आहे आणि जो त्याच किनाऱ्यावर लहानाचा मोठा झाला आहे त्याला तीन दिवस, आणि दूरच्या शहरांतील हॉटेलांना मासा पुरविणाऱ्याला सारे वर्ष, हा न्याय कोणता, असा संतप्त सवाल फ्लोरिडापासून टेक्ससपर्यंत उठला, तर त्यात नवल नव्हते. परंतु या आकड्यांच्या पाठीशी दुसराही एक आकडा उभा होता आणि तोही तितकाच खरा होता : वजनाने पाहिले तर व्यावसायिकांचा वाटा शेकडा ५१, आणि हौशी व चार्टर मिळून दुसऱ्या पक्षाचा वाटा शेकडा ४९, म्हणजे जवळजवळ समसमानच होता. एकाला जो अर्धा वाटा वर्षभर पुरतो तोच दुसऱ्याला इतका अपुरा का पडावा, या प्रश्नाच्या मुळाशी गेल्यावाचून या वादाचा निवाडा करता येत नाही.

रेड स्नॅपर हा आपल्या कोकणातील तांबोशीच्या कुळातला मासा. अंगाने लालबुंद, चवीला उत्तम, आणि आयुष्याने दीर्घ, कारण पन्नाशी उलटलेले मासेही संशोधकांना आढळले आहेत. फ्लोरिडातील पेन्साकोला बंदर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या माशाच्या व्यापारावर भरभराटले. टेक्ससचे गॅल्व्हेस्टन, अलाबामाचे ऑरेंज बीच, फ्लोरिडाचे डेस्टिन या गावांच्या मासेमारीतही त्याला मोठे स्थान आहे. दीर्घायुषी मत्स्यजातीचा ऱ्हास एकदा झाला म्हणजे तो भरून निघण्यास दशके लागतात. आणि १९८० नंतरच्या दशकात आखातातील स्नॅपरची स्थिती नेमकी अशी शोचनीय झाली होती. वर गळांचा मारा होता, आणि तळाशी कोळंबीच्या ट्रॉलजाळ्यांत स्नॅपरची असंख्य पिले अकारण मरत होती. मासा मुबलक असताना ज्या वाटणीविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता, ती वाटणी टंचाई येताच जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसली.

अमेरिकेचा यासंबंधीचा मूळ कायदा १९७६ सालचा. सिनेटर वॉरन मॅग्नुसन व टेड स्टीव्हन्स यांच्या नावांनी तो आज ओळखला जातो. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचा कारभार आठ प्रादेशिक परिषदांच्या सल्ल्याने चालावा, अशी व्यवस्था त्याने केली आणि या परिषदांना काही राष्ट्रीय निकष घालून दिले. त्यांतील चौथा निकष आपल्या विषयाचा प्राण आहे. मासे धरण्याचे हक्क निरनिराळ्या मच्छीमारांत वाटून देण्याची वेळ आली, तर ती वाटणी सर्वांना न्याय्य असावी, तिने मत्स्यधनाच्या रक्षणास हातभार लागावा, आणि कोणाही एकाच्या हाती अवाजवी हिस्सा एकवटू नये, अशा तीन अटी त्यात आहेत. पुढे खास रेड स्नॅपरसाठी कायद्यात एक कलम घालण्यात आले : व्यावसायिकांचा आणि हौशी-चार्टर यांचा कोटा वेगळा ठेवावा, आणि ज्याचा कोटा संपेल त्याची मासेमारी तत्काळ बंद करावी.

५१ आणि ४९ हे आकडे १९९० साली ठरले. १९७९ ते १९८७ या वर्षांत कोणी किती मासा किनाऱ्याला आणला याचा तत्कालीन अंदाज घेऊन ते काढले होते. वहिवाटीला हक्काचे रूप देण्याची ही रीत जगातील सर्व वाटण्यांत आढळते आणि ती सोयीचीही आहे. पण तिच्या पोटी एक दोष असतो. पायाभूत म्हणून धरलेली वर्षे ही इतिहासातील एक आकस्मिक घडी असते; त्या घडीला ज्याची नाव मोठी होती, त्याचा हक्क कायमचा मोठा ठरतो, आणि जो त्या काळी शाळेत होता, त्याचा हक्क तो समुद्रावर जाण्याआधीच कागदावर ठरून गेलेला असतो. शिवाय त्या वर्षांची मोजणीच कच्ची असेल, तर तिच्यावर उभारलेली वाटणीही तितकीच कच्ची राहते.

व्यावसायिकांच्या बाजूने प्रथम पाहू. १९९० नंतरच्या वर्षांत त्यांची स्थिती मुळीच हेवा करण्याजोगी नव्हती. सर्वांना मिळून एकच कोटा होता. तो संपेपर्यंत जो धरील त्याचा मासा, असा नियम असल्याने हंगाम उघडताच शेकडो नौका शर्यतीत उतराव्या तशा एकदम समुद्रावर तुटून पडत. पुढे महिन्याच्या ठराविक दिवशीच मासेमारी खुली ठेवून, परवान्याच्या वर्गानुसार एका फेरीला २,००० किंवा २०० पौंडांची मर्यादा घालण्यात आली. तरी शर्यत थांबली नाही. हंगामाच्या दिवशी वादळ असले तरी बाहेर पडावे लागे, सारा मासा एकदम बाजारात आल्याने भाव कोसळे, आणि मर्यादेबाहेरचा मासा मेलेल्या अवस्थेत पुन्हा पाण्यात टाकला जाई. या अनर्थावर उपाय म्हणून, मच्छीमारांचे मतदान घेऊन, १ जानेवारी २००७ पासून व्यक्तिगत कोट्याची पद्धत सुरू झाली. प्रत्येकाला त्याच्या पूर्वीच्या नोंदलेल्या माशाच्या प्रमाणात कोट्याचा हिस्सा मिळाला. तो त्याने वर्षातून केव्हाही धरावा, न धरल्यास दुसऱ्याला विकावा किंवा भाड्याने द्यावा. त्याच्या मोबदल्यात त्याच्यावर कडक बंधने आली : नौकेवर उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळविणारे यंत्र, बंदरात येण्यापूर्वी काही तास आगाऊ वर्दी, परवानाधारक व्यापाऱ्यालाच विक्री, आणि कारभाराच्या खर्चासाठी विक्रीच्या किमतीवर कमाल तीन टक्के आकार. परिणाम असा झाला की, व्यावसायिकांचा पौंडन् पौंड मासा हिशेबात आला आणि ते आपल्या कोट्याच्या आत राहू लागले.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे हिस्से प्रथम देताना सरकारने नजराणा घेतला नाही; सार्वजनिक मत्स्यधनाचा हक्क काही कुटुंबांना विनामूल्य मिळाला. २०१२ पासून तर ज्याच्यापाशी मासेमारीचा परवाना नाही, असा कोणीही अमेरिकी नागरिक वा कायम रहिवासी हे हिस्से विकत घेऊ लागला. एका व्यक्तीने वा संस्थेने सुमारे सहा टक्क्यांहून अधिक हिस्सा बाळगू नये अशी मर्यादा असली, तरी किनाऱ्यावर बसून कोटा भाड्याने देणारा मालक आणि त्याला दर पौंडामागे खंड भरून समुद्रावर जाणारा तरुण खलाशी, असे दोन वर्ग हळूहळू निर्माण झाले. कोकणातील वाचकाला यात खोत आणि कूळ यांचे जुने नाते दिसल्यावाचून राहणार नाही. आणि जमिनीवरची जी खोती आपण १९४९ च्या कायद्याने मोडली, ती समुद्रावर नव्याने उभी राहताना पाहून त्याला अस्वस्थ वाटणेही स्वाभाविक आहे. मच्छीमाराला दिलेला हक्क त्याच्या श्रमापासून सुटा होऊन बाजारात फिरू लागला, म्हणजे चौथ्या निकषातील तिसरी अट कागदावर पाळली जाऊनही तिचा हेतू मात्र पराभूत होतो.

आता हौशी मच्छीमारांकडे वळू. त्यांच्या हंगामाचा इतिहास एका विलक्षण विरोधाभासाने भरलेला आहे. २००७ साली त्यांना फेडरल हद्दीत १९४ दिवस होते, २००८ साली ६५, आणि २०१४ साली ९. या काळात मासा कमी झाला म्हणावे, तर तसेही नव्हते. उलट निर्बंधांना यश येऊन तो वाढत होता, आणि सर्वांचा एकत्रित कोटा २००८ मधील ५० लाख पौंडांवरून २०१४ मध्ये १ कोटी १० लाख पौंडांवर गेला होता. मासा वाढला म्हणून तो गळाला लवकर लागू लागला, वयाने वाढला म्हणून एकेका माशाचे वजन वाढले, आणि माणशी दोन माशांची मर्यादा असूनही पौंडांचा कोटा पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर भरू लागला. ज्याने संयम पाळला त्याला संयमाचे फळ म्हणून आणखी छोटा हंगाम मिळाला, अशी भावना या माणसांच्या मनात घर करून राहिली, आणि ती समजण्यासारखी आहे.

परंतु मूळ अडचण मोजणीची होती. व्यावसायिक नौका परवान्यांनी मर्यादित आहेत, चार्टर नौकांचे नवे फेडरल परवाने २००३ पासून बंद आहेत. खाजगी नावांना मात्र संख्येची कसलीही मर्यादा नाही. या असंख्य नावांनी किती मासा धरला, हे कोणी तराजूवर तोलून पाहत नाही. काही धक्क्यांवर मुलाखती घ्यावयाच्या, काही घरी दूरध्वनीवरून वा टपालाने विचारपूस करावयाची, आणि त्यावरून संपूर्ण किनाऱ्याचा अंदाज बांधावयाचा, अशी ही रीत. या रीतीवर राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ साली कठोर टीका केली, त्यानंतर तिच्यात सुधारणा झाल्या. पण प्रत्येक सुधारणेबरोबर भूतकाळाचे आकडेही बदलले, आणि आकडे बदलले की वाटणीचा पाया हलला. टपालाने भरून घ्यावयाच्या नव्या प्रश्नपत्रिकेने हौशी मासेमारीचा अंदाज पूर्वीपेक्षा पुष्कळच मोठा दाखविला. आणि २०२३ साली खुद्द सरकारी मत्स्यखात्याने एका प्राथमिक पाहणीच्या आधारे सांगितले की, प्रश्नपत्रिकेतील दोन प्रश्नांचा क्रम बदलला तर मासेमारीच्या फेऱ्यांचा अंदाज तीस ते चाळीस टक्क्यांनी खाली येऊ शकतो. दोन प्रश्नांच्या क्रमावर जिथे हजारो माणसांचा हंगाम अवलंबून राहतो, तिथे वाटणीविषयी विश्वास कसा निर्माण व्हावा?

या दोघांच्या कात्रीत सापडला तो चार्टर नौकेचा मालक. त्याच्या नौकेवर येणारा गिऱ्हाईक हा देशाच्या अंतर्भागातून वर्षातून एकदा किनाऱ्यावर येणारा, स्वतःची नाव नसलेला साधा माणूस असतो. कायद्याच्या दृष्टीने चार्टर नौका हौशी वर्गातच मोडत; पण त्यांच्यावर २००९ च्या नियमाने एक जास्तीचे बंधन पडले होते. किनाऱ्यालगतचा पट्टा राज्यांच्या ताब्यात असतो. टेक्सस आणि फ्लोरिडाचा आखाती किनारा यांच्या बाबतीत तो १९६० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने नऊ सागरी मैलांचा ठरला, इतर राज्यांचा तेव्हा तीन मैलांचा होता. टेक्ससने आपल्या पट्ट्यात बाराही महिने मुभा ठेवली, इतर राज्यांनीही आपले हंगाम लांबविले. तिथे धरलेला मासा मात्र एकत्रित कोट्यातून वजा होई, आणि म्हणून फेडरल हंगाम आणखी आखडे. फेडरल परवाना असलेल्या चार्टर नौकेला राज्याच्या पट्ट्यातही फेडरल नियमच लागू असल्याने, दुसऱ्याच्या सवलतीची किंमत तिला मोजावी लागे. अखेर २०१५ पासून हौशी कोट्याचे दोन भाग झाले : खाजगी नावांना शेकडा ५७.७ आणि चार्टर नौकांना शेकडा ४२.३. त्या वर्षी चार्टर नौकांना ४४ दिवस मिळाले, खाजगी नावांना १०. लेखाच्या आरंभी दिलेला ४९ आणि ३ दिवसांचा फरक या फाळणीतून आणि राज्यांच्या स्वतंत्र हंगामांतून जन्मला.

मधल्या काळात प्रकरण न्यायालयातही गेले. हौशी वर्ग वर्षामागून वर्षे आपला कोटा ओलांडतो आणि सरकार त्याला आवर घालीत नाही, अशी तक्रार घेऊन व्यावसायिक मच्छीमार वॉशिंग्टनच्या फेडरल न्यायालयात गेले; मार्च २०१४ मध्ये न्यायाधीश बार्बरा रॉथस्टीन यांनी ती मान्य केली. पुढे नव्या मोजणीचा आधार घेऊन २०१६ साली वाटणी उलटी फिरविण्यात आली, हौशी-चार्टर वर्गाला शेकडा ५१.५ आणि व्यावसायिकांना ४८.५, पण मर्यादा ओलांडून धरलेल्या माशाच्या बळावर मोठा हिस्सा देणे न्याय्य नव्हे, अशा आशयाने न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये ती रद्द केली. त्यानंतर त्याच वर्षी जूनमध्ये, राजकीय दडपणाखाली, वाणिज्य खात्याने त्या तीन दिवसांच्या हंगामात आणखी ३९ दिवसांची भर घातली; आणि असे केल्याने कोटा ओलांडला जाईल व माशांच्या पुनर्भरणास सहा वर्षांपर्यंत विलंब होऊ शकेल, हे त्याच हुकुमात नमूद केले. जाणूनबुजून केलेल्या अतिक्रमणाची अशी लेखी कबुली सरकारी दप्तरात विरळाच सापडते.

२०२० पासून खाजगी नावांचा कारभार पाच राज्यांकडे सोपविण्यात आला : फ्लोरिडाला शेकडा ४४.८२२, अलाबामाला २६.२९८, लुइझियानाला १९.१२, टेक्ससला ६.२१ आणि मिसिसिपीला ३.५५. प्रत्येक राज्याने स्वतःची मोजणी करावी, हंगाम ठरवावा आणि अतिक्रमण झाल्यास ते पुढल्या वर्षीच्या वाट्यातून भरून द्यावे, अशी ही योजना. तिने दिवस वाढले, रोषही निवळला. परंतु अलाबामाची मोजणी आणि फेडरल मोजणी यांचा मेळ बसेना, तेव्हा राज्यांच्या वाट्यांना गुणक लावून ते जुळविण्याची वेळ आली आणि अलाबामा व मिसिसिपी यांना मोठी कात्री लागली. त्यातच टेक्सस ए अँड एम विद्यापीठसमूहातील ग्रेग स्टन्झ यांच्या नेतृत्वाखालील गणनेने आखातात सुमारे ११ कोटी स्नॅपर असल्याचे अनुमान काढले, पूर्वीच्या अंदाजाच्या जवळजवळ तिप्पट. आणि त्यांतले बहुसंख्य मासे प्रसिद्ध खडकांपासून दूर, ज्यांची कोणी दखल घेतली नव्हती अशा तळावर विखुरलेले असल्याचे सांगितले. दरसाल जो वाटा वाटला जातो, त्याच्या मूळ राशीविषयीच इतका मतभेद असू शकतो, हे या वादातले सर्वांत चिंतनीय सत्य आहे.

तिन्ही पक्षांच्या युक्तिवादांत तथ्य आहे. हौशी मच्छीमार म्हणतो की मासा जनतेचा आहे. गळ, दोर, आमिष यांच्या खरेदीवर आपण कर भरतो, त्या सामग्रीवरील दहा टक्क्यांच्या अबकारी करातून १९५० च्या कायद्यान्वये राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी पैसा मिळतो, आणि किनाऱ्यावरील खाणावळी, इंधन, दुकाने यांचा संसार आपल्या येण्याजाण्यावर चालतो. व्यावसायिक म्हणतो की जनता म्हणजे नाव बाळगणारे लोकच नव्हेत. देशाच्या मध्यभागी राहणारा, ज्याने आयुष्यात समुद्र पाहिला नाही, तोही या माशाचा मालक आहे, आणि त्याच्या ताटात मासा पोहोचविणारा हात माझा आहे. चार्टरवाला म्हणतो की नाव नसलेल्या माणसाला समुद्रावर नेणारा मीच. तिघेही खरे बोलतात; म्हणून कोण खरा मालक हा प्रश्न विचारून निवाडा होत नाही. विचारावयाचा प्रश्न असा की, वाटा घेणाऱ्याने त्या वाट्याबरोबर कोणती जबाबदारी पत्करली.

या दृष्टीने अलास्काचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील हॅलिबट माशाचा कारभार अमेरिका व कॅनडा १९२३ च्या तहापासून एकत्र पाहत आले आहेत. तिथेही एकेका दिवसाच्या जीवघेण्या शर्यती होत. १९९५ मध्ये व्यक्तिगत कोटा आला, २०११ पासून चार्टर परवाने मर्यादित झाले, आणि २०१४ पासून चार्टर व व्यावसायिक यांना एकाच वार्षिक राशीतून, तिच्या चढउताराबरोबर चढणारे-उतरणारे हिस्से मिळू लागले. चार्टर मालकाला अधिक मासा हवा असेल, तर तो व्यावसायिकाकडून ठराविक वजन भाड्याने घेऊन आपल्या गिऱ्हाइकाला देऊ शकतो. ही व्यवस्थाही निर्दोष नाही. वाटाड्याविना मासे धरणाऱ्याला जी मोकळीक आहे ती चार्टरच्या गिऱ्हाइकाला नाही. तथापि एक तत्त्व तिने मान्य केले : मासा घटला तर सर्वांचा घटेल, वाढला तर सर्वांचा वाढेल, आणि एकाची वाढ हवी असेल तर दुसऱ्याच्या संमतीने व मोबदल्याने होईल.

महाराष्ट्रात कोट्याची पद्धत नाही. १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याने आपण समुद्राची वाटणी अंतर, जाळे, आसाचे माप आणि पावसाळी बंदीचे महिने यांनी करतो. २०१६ च्या हुकुमाने पर्ससीन जाळ्यांवर जे निर्बंध आले, त्यांच्या मागेही पारंपरिक आणि यांत्रिक मच्छीमार यांच्यातील हक्काचाच झगडा होता. रापणीची पद्धत ज्यांनी मालवणच्या किनाऱ्यावर पाहिली आहे, त्यांना ठाऊक आहे की तिथे वाटे पडतात ते सर्वांच्या डोळ्यांदेखत, वाळूवर ओतलेल्या माशांतून. राशीविषयी शंका नसते म्हणून वाटणीविषयीही फारशी शंका उरत नाही. उद्या आपल्याकडे कोट्याचा विचार झालाच, तर आधी मोजणी आणि मग टक्केवारी, हा क्रम उलटा करू नये, एवढे तरी आखाताच्या अनुभवावरून आपण शिकले पाहिजे.

माझ्या मते या दीर्घ वादाचा निष्कर्ष असा आहे. ५१ की ४९ यावर तीस वर्षे भांडण झाले, पण खरा अन्याय त्या दोन टक्क्यांत नव्हता. तो असा होता की एकाचा प्रत्येक मासा मोजला जात होता आणि दुसऱ्याचा मासा अंदाजाने धरला जात होता, एकाला मर्यादा ओलांडण्याची शिक्षा होती आणि दुसऱ्याला तिचे बक्षीस मिळण्याची आशा होती. म्हणून खाजगी नावेनेही आपला प्रत्येक मासा नोंदवावा, ही सक्ती कितीही अप्रिय असली तरी ती झालीच पाहिजे. चार्टर नौकांचा स्वतंत्र वाटा टिकला पाहिजे, कारण नाव नसलेल्या नागरिकाला समुद्राचा दुसरा दरवाजा नाही. व्यावसायिकांचा कोटा हा समुद्रावर राबणाऱ्याच्या हाती राहिला पाहिजे, त्यावर किनाऱ्यावरून खंड वसूल करण्याची सोय मर्यादित झाली पाहिजे, आणि जनतेच्या मालकीचा हक्क वापरल्याबद्दल जनतेला काही देणे लागले पाहिजे. वाटणीचे प्रमाण ठराविक मुदतीने फेरतपासणीस खुले असावे. मात्र जो मर्यादा मोडील त्याला त्या मोडतोडीच्या जोरावर अधिक वाटा मागता येऊ नये. समान वाटा सर्वांना देणे शक्य नसेल, समान हिशेब सर्वांकडून मागणे शक्य आहे; आणि ज्या दिवशी तो मागितला जाईल, त्या दिवशी उरलेल्या टक्केवारीचे भांडण सुज्ञ माणसांना एका टेबलाभोवती बसून मिटविता येईल.